थोरांचा स्वभाव, माझी बाधा

आमच्या घरात राग सगळ्यांनाच यायचा. फरक एवढाच, की मोठ्यांच्या रागाला स्वभाव म्हणत आणि माझ्या रागाला बाधा. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ताट भिरकावलं की लोक म्हणत, माणूस कडक आहे, पण मनाचा साफ आहे. मी वाटी भिरकावली की लिंबू आणि मिरच्या आणायला माणूस पळायचा. उदगीरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, आमचं जोंधळ्याचं अडत दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर, मध्ये फरशीचं अंगण. त्या अंगणात दिवसातून तीनदा तरी काहीतरी आपटलं जायचं, आणि ते कुणी आपटलं हे आम्हाला न बघता नुसत्या आवाजावरून कळायचं. अप्पा माप आपटत. शिवम्मा आत्या भांडी आपटत. त्या अप्पांच्या थोरल्या बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेल्या, आणि तेव्हापासून घर त्याच चालवायच्या. अप्पांचा राग मात्र फार समजूतदार होता. तहसीलचा पेशकार दुकानात पाऊल टाकताच तो जो गडप व्हायचा, तो पेशकारसाहेब विडा खाऊन, रुमाल झटकून, कोपऱ्यापलीकडे दिसेनासे होईपर्यंत परत यायचाच नाही. मग परत आला की थेट स्वयंपाकघरात यायचा.

माझ्या रागाला एवढी समज नव्हती. तो पेशकारासमोरही यायचा. सकाळी डोळे उघडायच्या आत तो येऊन बसलेला असायचा, आणि कशावरून ते मलाही सांगता यायचं नाही. अप्पांचं खाकरून चूळ भरणं, आत्यांचं पान चघळणं, चाळणीतून रास पडतानाचा तो सरसर आवाज, हे सगळं माझ्या कानात नव्हे, दातात व्हायचं. भाकरी मला अख्खी लागायची. कुणी मायेनं मोडून दिली की संपलं. मी किंचाळायचे, लोळायचे, हाताला लागेल तो हात चावायचे. आमच्याकडचे हमाल माप मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणत, मग दोन, तीन. त्यांच्यातला एकजण मला बघून हळूच म्हणायचा, “आज सकाळच्याला लाभ झाला बघा.” म्हणजे माझा, गंगूचा, पहिला झटका होऊन गेला, दुसऱ्याची वाट बघा.

झटक्यानंतरचं कुणी बघत नसे. ओरडून घसा बसला की अंगातलं सगळं कुणीतरी काढून नेल्यासारखं वाटायचं. मी तुरीच्या पोत्यांमागे जाऊन बसायचे आणि तिथे मला इतकी लाज वाटायची, इतकं वाईट वाटायचं, की ते आज ऐंशी ओलांडल्यावरही विसरलेले नाही. मला वाईट मुलगी व्हायचं नव्हतं. पण चांगली होण्यासाठी जे करायचं असतं ते मला येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं असं ते म्हणत, ते बाहेर माप आपटत होते.

आता माझ्या नातवाच्या मुलीला लातूरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेतात. ही पोरगी अगदी माझ्यावर गेली आहे, भाकरीऐवजी हिला पाव अख्खा लागतो एवढंच. त्या बाईंनी तिच्या रागाला एक लांबलचक नाव दिलं. मी ते दोनदा विचारून घेतलं आणि दोनदा विसरले. त्या तिला मारत नाहीत, गंडा बांधत नाहीत, तिला चित्रं काढायला लावतात, आणि राग यायच्या आधी अंगात कुठे काय होतं ते विचारतात. मी खुर्चीत बसून ऐकत होते. पोरीनं सांगितलं, कानामागे गरम होतं. माझ्याही कानामागेच व्हायचं. ते विचारायला आमच्या उदगिरात कुणी निघालं नाही, पाऊणशे वर्षं उशीर झाला. त्यांच्या कागदावर एक प्रश्न होता, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. माझ्या नातवानं माझ्या देखत ‘नाही’ असं लिहिलं. फार आज्ञाधारक मुलगा आहे, घराण्याची रीत त्यानं मोडली नाही.

इलाज मात्र भरपूर झाले. पहिले आले हकीमसाहेब. त्यांनी माझी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि म्हणाले, “बच्ची के जिगर में गर्मी है.” गुलकंद आणि बडीशेपेचं सरबत सुरू झालं. गुलकंदाची बरणी माझ्या नावाची होती, पण ती अप्पांच्या गादीजवळ असायची आणि आठवड्यात रिकामी व्हायची. अप्पांच्या जिगराला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मग एका बुवांनी तांब्याचा ताईत दिला. तो मी चावून चेपवला. मग आमच्या मठाच्या स्वामींनी सांगितलं, पोरीला लिंगदीक्षा द्या, चित्त ठिकाणावर येईल. आम्ही लिंगायत, इष्टलिंग गळ्यात आलं की ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. चांदीच्या इवल्याशा डबीत बसवलेलं माझं लिंग माझ्या गळ्यात आलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. हुग्गी केली होती, खपली गव्हाची, गूळ घालून. त्या दिवशी मी एकदाही रडले नाही, आणि आत्यांनी गल्लीभर सांगितलं की बाधा उतरली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी परत चढली.

बाधा आली कुठून यावर घरात वाद नव्हता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तसं आमच्याकडे गुण आले ते बापाकडून आणि खोड आली ती आईकडून. माझी आई, म्हणजे अव्वा, हिमायतनगरकडची. “तिकडचं पानीच तसलं हाय,” आत्या उलथणं आपटत म्हणायच्या, “आमच्या खानदानात असं तापट कुनी झालंच न्हाई.” आता गंमत अशी, की त्या घरात न चिडणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे अव्वा. अव्वाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. ताट भिरकावलं गेलं की ती खाली बसून भात गोळा करायची. आत्या तिच्या माहेराचा उद्धार करायच्या तेव्हा ती उठून उखळापाशी जायची आणि शेंगदाण्याची चटणी कुटायची. आमच्या घरची चटणी फार बारीक असायची, नुसतं पीठ. पाहुणे बोटं चाटत, सून असावी तर अशी म्हणत, आणि एवढी बारीक कशी होते ते विचारत. अव्वा पदर सावरून हसायची.

रब्बीचा जोंधळा आला होता तेव्हाची गोष्ट. अंगणात पुरुषभर उंचीची रास पडली होती आणि हमाल मापं ओतत होते. आदल्या संध्याकाळी अव्वानं मला जवळ घेऊन सांगितलं होतं, “उद्या एक दिस नीट ऱ्हा माय, मी तुला हुग्गी करून देते.” मी मान डोलावली होती, आणि खरंच ठरवलं होतं. सकाळी आत्यांनी मला न्हाऊ घातलं आणि लिंगाचा जुना दोरा मळला म्हणून नवा घातला. कोरा, ताठ, ओला दोरा, त्याची गाठ नेमकी मानेच्या हाडावर.

“आत्या, टोचून राहिलाय.”

“देवाचा दोरा टोचत नसतो. गप बस.”

मी गप्प बसले. हे कुणाला खरं वाटणार नाही, पण मी बसले. पोत्याला टेकून, मुठी आवळून, हमालांच्या बरोबरीनं मोजत राहिले. लाभ, दोन, तीन. कानामागे गरम व्हायला लागलं तेव्हा मी मोठ्यानं मोजायला लागले. रास सरसरत होती, आत्या पान चघळत होत्या, घामानं दोरा आणखी टोचत होता. मी गाठीशी हात नेला तेवढं आत्यांनी पाहिलं. त्या आल्या, माझा हात बाजूला केला आणि गाठ आणखी एकदा ओढून घट्ट केली. वर म्हणाल्या, “आता हास बघू जरा. चांगल्या पोरी हासत असतात.”

मी दोरा दोन्ही हातांनी ओढला. गाठ घट्ट असली तरी दोराच मधून तुटला. मी ती डबी जीव खाऊन फेकली. ती राशीवरून उडून गेली, वरून एक माप ओतलं गेलं, आणि डबी कुठे गेली ते कुणालाच दिसलं नाही.

हमालाच्या हातातलं माप तसंच राहिलं. अप्पा गादीवरून उठून आले आणि पहिल्यांदाच त्यांना काय आपटावं ते सुचेना. शेवटी त्यांनी रिकाम्या मापाला लाथ मारली. माप लोखंडी होतं, त्यामुळे पुढचा बराच वेळ ते अंगठा धरून बसले.

आमच्यात रीत अशी, की लिंग अंगावर नसेल तर मुखात पाणीसुद्धा घालायचं नाही. ते सापडेपर्यंत किंवा स्वामी नवं देईपर्यंत उपास. मोठी माणसं हे श्रद्धेनं करतात, मी त्याला नावं ठेवत नाही. पण मी आठ वर्षांची होते आणि माझ्या वतीनं ती श्रद्धा आत्या पाळत होत्या. स्वामी चाकूरला गेले होते. म्हणजे डबी शोधणं एवढा एकच मार्ग. गिऱ्हाईक परत पाठवलं गेलं, शेजारून चाळण्या आणल्या, आणि सगळं घर सारी रास चाळायला बसलं. चाळणीत वर काय उरतंय हे बघायला मला समोरच बसवलं होतं. म्हणजे ज्या आवाजानं मी पेटायचे, तो आवाज दहा हातांनी माझ्यासमोर चालू, आणि पोटात सकाळपासून घोटभर पाणी नाही. माझी बाधा उतरावी म्हणून याहून नेमका उपाय हकीमसाहेबांनाही सुचला नसता.

दुपार कलली तरी अर्धी रास बाकी होती. मी तोवर दोघांना चावले होते. तेव्हा आत्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आता देवावर आली ही. आता डागच.” आणि शेवंताबाईला बोलावणं गेलं.

शेवंताबाई किल्ल्याच्या अंगाला राहायची. अर्ध्या गावाच्या पोरांच्या पोटावर तिची सही होती. हळकुंड तेलात बुडवायचं, पेटवायचं, फुंकर घालून विझवायचं, आणि लाल झालेलं टोक बेंबीच्या बाजूला टेकवायचं. कावीळ, पोटफुगी, दचकणं, अंथरुणात मुतणं, सगळ्याला तोच डाग, त्याच जागी. इलाज एकच असल्यामुळे निदानात तिचा वेळ जात नसे. तिनं आल्या आल्या विचारलं, “भूक लागतीया का पोरीला?” आत्या म्हणाल्या, “सकाळपास्नं अन्नाला शिवली न्हाई.” शेवंताबाईनं मान हलवली. “मंग लईच आत गेलंय.”

मला फरशीवर निजवलं. आत्यांनी हात धरले, शेजारणीनं पाय. परकर खाली सरकवला. तेलाचा आणि जळत्या हळदीचा वास आला. अजून मी फोडणीत हळद कधी जळू देत नाही, सुनांना वाटतं म्हातारी चोखंदळ आहे. मी ओरडत होते, पण ओरडताना मी अव्वाकडे बघत होते. ती राशीपाशी माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि सुपात जोंधळा पाखडत होती. एकसारखी, खालमानेनं. मला वाटलं, हिलाही मान्य आहे. आजवरच्या आयुष्यात मला खूप भीती वाटली आहे, बाळंतपणात वाटली, नवरा गेला तेव्हा वाटली, पण त्या पाठीकडे बघताना वाटली तेवढी कधीच नाही. मी ओरडायची थांबले. आत्या खुशीनं म्हणाल्या, “बघा, हळकुंड दिसलं की गप झाली.”

तेवढ्यात सूप उडालं. भरलेलं, अडीच-तीन शेर जोंधळ्याचं सूप आमच्या डोक्यावरून गेलं आणि भिंतीवर आदळलं. सगळ्यांनी आधी अप्पांकडे पाहिलं, सवयीनं. अप्पा अंगठा धरून बसले होते. अव्वा उभी होती. तिच्या डोक्यावरचा पदर खाली पडला होता आणि तिनं तो उचलला नाही. ती चालत आली, शेवंताबाईच्या हातातलं हळकुंड तिनं जळत्या टोकाकडूनच धरलं आणि मुठीत दाबलं. चर्र झालं. तिचा चेहरा हलला नाही.

“रांगेनं घ्या, शेवंताबाई,” अव्वा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण दुकानातल्या हमालांपर्यंत गेला. “थोरांपासून सुरू करा. आधी मालकास्नी निजवा, ताटं फेकत्यात. मंग वन्संस्नी निजवा, त्यांचं उलथनं बघा किती वाकलंय. मंग मला. आन् समद्यांचं झाल्यावर हळकुंड उरलं, तर माझ्या लेकीला लावा.”

शेवंताबाई धंद्याची बाई, ती खरंच अप्पांकडे वळून बघायला लागली. अप्पांनी अंगठा सोडून दोन्ही हात पोटावर ठेवले. त्या माणसाला पेशकारानंतर कुणाला घाबरलेलं मी तेवढंच पाहिलं.

आणि मग माझ्या पायाशी बसलेली शेजारीण ओरडली, “अगं बया, हे काय हाय?” भिंतीवर आदळून फरशीभर पसरलेल्या जोंधळ्यात चांदीची डबी पडली होती. सगळ्या घरानं सकाळपासून गपगुमान चाळून जे सापडलं नव्हतं, ते अव्वाच्या एका फेकीत बाहेर आलं. आत्यांनी डबी डोळ्यांना लावली, एखादा श्वास घेण्याइतकाच वेळ त्यांना लागला, आणि त्या म्हणाल्या, “पेटतं हळकुंड बघितलं आन् बाधेनं देव सोडला.” शेवंताबाईलाही ते पटलं. ती शिधा घेऊन गेली. डाग कुणालाही न देता शिधा मिळाल्याची तिच्या धंद्यातली ती पहिलीच वेळ असावी.

संध्याकाळी माझ्या गळ्यात डबी आली, जुन्या मऊ दोऱ्यात. दोरा अव्वानं निवडला. चुलीपाशी भाकरी, अंबाडीची भाजी, ताक. अव्वाच्या उजव्या तळव्याला लोणी लावून चिंधी गुंडाळली होती, तिला घास तोडता येईना. आत्या फिरकल्या नाहीत. मी तिच्यासमोर बसले आणि तिला भरवायला लागले. ती सकाळपासून उपाशी होती हे मला तेव्हा कळलं, तिच्या गळ्यात तर लिंग होतं, तिला खायला कुणी अडवलं नव्हतं. तिनं माझी भाकरी तेवढी अख्खी ठेवायला सांगितली. चार घास झाल्यावर मी विचारलं,

“अव्वा, तुला राग आला व्हता?”

तिनं घास चावून संपवला. घाई कधी करत नसे ती.

“आला न्हाई गं,” ती म्हणाली. “होताच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हकीमसाहेब परत आले. या खेपेला जीभ अव्वाची पाहिली, नाडी पाहिली, आणि जिगर में गर्मी निघाली. त्यातच बुवांकडून तांब्याचा ताईतही आला, माझ्यासारखाच, पण मोठ्या मापाचा. आत्यांनी तो स्वतःच्या हातानं अव्वाच्या दंडाला बांधला. अव्वानं दंड पुढे केला.

मला त्यानंतर कुणी डाग द्यायचं नाव काढलं नाही. माझा राग राहिला, तो अजून आहे, पण त्या दिवसापासून तो आला की पोत्यांमागे मी एकटी नसायचे. अव्वा हातातलं काम टाकून यायची, शेजारी बसायची, आणि मला हमालांबरोबर मोजायला लावायची. ती स्वतः मात्र पुन्हा उभ्या आयुष्यात चिडली नाही. ताईत लागू पडला, असं आत्या शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगत होत्या. आमच्या घरची चटणी पाहुण्यांना पूर्वीपेक्षाही बारीक लागायची.